तांदूळ वाढले

"तांदूळ संपले," भांडारातली मुलगी म्हणाली. फळीवर रचलेल्या पिशव्यांच्या मागून तिचं तोंडही धड दिसत नव्हतं. मालिनीनं विचारलं आणि तिनं उत्तर दिलं, इतकंच. सोमवारी गाडी येईल, तोवर गहू न्या, असंही ती म्हणाली बहुतेक. पण मालिनी त्या पहिल्या दोन शब्दांपाशीच थांबली, भर रस्त्यात कुणीतरी माहेरच्या नावानं हाक मारावी तशी. तिनं आजूबाजूला पाहिलं. कुणाला काही झालं नव्हतं. शाळेतल्या एक बाई साबणाची वडी नाकाशी धरून उभ्या होत्या, एक म्हातारे गृहस्थ चष्मा कपाळावर चढवून डब्यावरची किंमत वाचत होते. संपले. असं कुणी म्हणतं का? बायनं ऐकलं असतं तर कान धरून बाहेर उभं केलं असतं. एकदा केलंही होतं. तेव्हा मालिनी मालिनी नव्हती, जनी होती. संगमेश्वरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत त्यांचं गाव. जनीनं कणगीत हात घालून पाहिला आणि अंगणातूनच ओरडली, "बाय, तांदूळ संपलं गो!" तशी तिची थोरली बहीण तुळसा, म्हणजे बाय, चुलीपुढनं उठून आली आणि तिनं फाडकन तोंडात दिली. घरातली वस्तू संपत नसते. तांदूळ वाढतात, मीठ वाढतं, दिवा वाढवायचा असतो. आई गेली तेव्हा जनी अजून दुधावरचीच होती, बाप मुंबईला गिरणीत. बोलायचं कसं, बसायचं कसं, हे सगळं बायनंच शिकवलं. पुढे बायचं त्याच गावात लग्न झालं, तेव्हा ती जनीला पाठीशी घेऊनच सासरी गेली. आणि पुष्कळ वर्षांनी मुंबईहून बायच्या नवऱ्याची खबर आली तेव्हाही, बायकांनी तिचे हात पाट्यावर धरले आणि त्या म्हणाल्या, बांगड्या वाढवल्या. फुटल्या असं कुणीच म्हणालं नाही.

मालिनीनं टोपली दुसऱ्या हातात घेतली. ही टोपलीची पद्धत या भांडारानंच रत्नागिरीत आणली. आपण हिंडायचं, आपणच फळीवरून उचलायचं, आणि दाराशी पैसे द्यायचे. सुरुवातीला लोक नुसते बघायला यायचे. वाण्याच्या दुकानात मागावं लागे, मोठ्यानं नाव घेऊन मागावं लागे, पाव किलो डाळ म्हणताना मागे उभ्या असलेल्या शेजारणीला ऐकू जाई. इथं कुणाशी बोलायचं कारण नव्हतं. सगळं बांधलेलं, सगळ्यावर किंमत, आणि ती बाजारभावापेक्षा कमी. श्यामराव तर या भांडाराच्या प्रेमातच पडले होते. मालिनीचा नवरा जिल्हा परिषदेत कारकून. माणूस वाईट नाही, पण स्वस्त म्हटलं की त्यांचे डोळे लहान मुलासारखे चमकत. त्यांचीही आई लहानपणीच गेलेली. ते खानावळीत वाढले, वसतिगृहात वाढले, चार लोकांच्या पंगतीत बसून वाढले, त्यामुळे घरातली भाषा अशी त्यांच्या कानावर कधी पडलीच नाही. लग्नात त्यांनी जनीचं नाव बदलून मालिनी ठेवलं, तेव्हा तांदळातली ती अक्षरं त्यांनी दोनदा पुसून पुन्हा काढली, आणि तिला त्यांची दया आली होती. मूल झालं नाही. घराच्या दोन खोल्या कर्ज काढून बांधल्या, त्याचे हप्ते चालू होते. आणि गेल्या गणपतीत मालिनीनं विषय काढला होता की बायला इथं आणू या, तिचं तिथं कुणी नाही, दीर आहेत ते असून नसून सारखे.

श्यामराव नाही म्हणाले नाहीत. ते कधीच कशाला नाही म्हणत नसत. त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "एक माणूस म्हणजे नुसतं जेवण नाही गं, दुखणंखुपणं आलं, कपडालत्ता आला. हप्ता भागवून हातात काय राहतं तुला माहीत आहे. आपण असं करू. शेट्ये वाण्याचं बंद करून सगळं सामान भांडारातून आणू. दर आठवड्याला जे वाचेल ते वाचेल. त्यात एक माणूस बसतं असं दिसलं, की जाऊन घेऊनच येऊ त्यांना." मालिनीला त्या दिवशी नवऱ्याच्या पाया पडावंसं वाटलं होतं. तेव्हापासून दर शनिवारी ती इथं यायची. हे सामान पैसे वाचवण्यासाठीच आणायचं आहे, यातल्या प्रत्येक पुड्यातून बाय थोडी थोडी इकडे सरकते आहे, असं ती स्वतःला सांगायची. आणि दर महिन्याच्या शेवटी श्यामराव डोकं खाजवत बसायचे. "प्रत्येक वस्तू स्वस्त घेतो आपण. एकही महाग नाही. मग जातं कुठं?" ते खरोखर चक्रावलेले असत. "या भांडारात वाचतं की नाही वाचत, हेच मला कळेनासं झालंय." मालिनीही त्यांच्याबरोबर हळहळायची. पुढच्या महिन्यात बघू म्हणायची.

तांदळाच्या रिकाम्या फळीपाशी उभं राहून काय करायचं होतं? ती पुढे सरकली. शेवयांचे पुडे, त्याच्या वर मुरंब्याच्या बाटल्या, सॉसच्या बाटल्या, गोड बिस्किटं, एकावर एक मोफत असलेली टाल्कम पावडर. भांडाराला वास नव्हता. शेट्यांच्या दुकानात शिरलं की हळद, गूळ, रॉकेल, गोणपाट, सुकी मिरची सगळं एकदम अंगावर यायचं. इथं प्लास्टिकच्या आत काय आहे ते नाकाला कळत नव्हतं. पायाखालची फरशी गार होती. कुठेतरी पंखा कुरकुरत होता. मालिनीनं सहज खाली पाहिलं, तर टोपलीत सॉसची बाटली होती. ही कधी घेतली? त्यांच्या घरात सॉस कुणी खात नव्हतं. श्यामरावांना आंबट चालत नसे आणि तिला त्याचा रंगच किळसवाणा वाटायचा. तिनं बाटली उचलून परत ठेवायला हात पुढे केला आणि हात थांबला. तिच्या स्वयंपाकघरातल्या फडताळात, खालच्या कप्प्यात, डाळींच्या डब्यांमागे अशा बाटल्या रांगेनं उभ्या होत्या. फोडलेल्या नव्हत्या. मुरंबा होता, पावडरीचे डबे होते, शेवया होत्या, कसलं तरी सूप होतं. श्यामराव त्या कप्प्यात वाकून बघत नसत. ती दर शनिवारी घरी जाऊन पहिल्यांदा त्या वस्तू आत सारायची आणि मग बाकीच्या ओट्यावर मांडायची, आणि हे करताना तिच्या मनात काहीच नसायचं, केर काढताना नसतं तसं. आज मात्र त्या मुलीच्या दोन शब्दांनी कुठलंसं झाकण उघडं राहिलं होतं, आणि मालिनीनं स्वतःचा हात पाहिला. जातं कुठं? इथं जातं. या हातानं जातं. वाचलेलं सगळं ती दर आठवड्याला याच दारात परत देऊन टाकत होती, बाय इंचभरही पुढे सरकू नये म्हणून.

हे कळलं तेव्हा तिला रडू यायला हवं होतं. आलं नाही. ती भिंतीशी टेकली. मला बाय नको आहे, तिनं मनाशी म्हणून पाहिलं. वाक्य अगदी बेतून शिवल्यासारखं बसलं. पण का नको? बायनं तिला कधी छळलं नव्हतं, बोलून दाखवलं नव्हतं. बायनं तिच्यासाठी जे केलं ते आईनंही केलं नसतं. त्या एका वर्षी, दोघीच असताना, पावसानं भात कुजलं त्या वर्षी, बाय आधी जनीला जेवायला बसवायची आणि मग स्वतःचं ताट घेऊन चुलीच्या पलीकडे, अंधारात बसायची. टोपात डाव फिरवायची. डाव टोपाच्या बुडाला घासल्याचा आवाज यायचा, एकदा, दोनदा, मग ताटावर डाव आपटल्याचा. स्वतःला वाढून घेतल्याचा तो आवाज बाय रोज न चुकता करायची. टोपात काही नसायचं. जनीला ते कळत होतं. तिला इतकं चांगलं कळत होतं की आवाज व्हायच्या आतच ती म्हणायची, "बाय, माला अजून वाढ." आणि बाय वाढायची. कुठून वाढायची देव जाणे. आता बाय इथं आली की समोर जेवायला बसेल. रोज बसेल. मालिनी वाढेल आणि बाय जेवेल, आणि बाय जेवताना तो आवाज येईल. मग मालिनीला घास गिळता येणार नाही. या दोन खोल्यांत, या पांढऱ्या फरशीवर, ती पुन्हा ती अधाशी कार्टी होऊन बसेल, आणि ही गोष्ट फक्त एका माणसाला ठाऊक आहे, ते माणूस तिथं डोंगरात असलेलंच बरं. मालिनीनं सॉसची बाटली टोपलीतच राहू दिली.

आणि हेही सगळं नव्हतं. याहून वाईट होतं ते, आणि ते दिवाळीनंतरचं होतं. त्यांच्या गावचा बाबल्या शनिवारच्या बाजाराला सुरण, कोकम असलं घेऊन यायचा. तो त्या दिवशी घरी येऊन ओटीवर बसला, चहा प्याला, आणि म्हणाला, "तुळसाबायनं निरोप दिलान हाय. म्हणाली, जनीला सांग, घरातलं तांदूळ वाढलं म्हणून." तेवढंच. बाबल्या भोळा, त्यानं पोपटासारखं सांगितलं आणि बाजाराला निघून गेला. श्यामराव आरामखुर्चीत होते. त्यांचा चेहरा उजळला. "अरे वा! पीक चांगलं आलेलं दिसतंय. तांदूळ वाढले म्हणजे चांगलंच की. मला उगीच घोर लागला होता गं, आपलं वाचत नाही नि त्यांचे हाल." मालिनी दारात उभी होती. पीक आलं असतं तर बाय भात म्हणाली असती, तांदूळ नव्हे. कापणी होऊन महिनाही झाला नव्हता, गावात घराघरात कणग्या भरल्या होत्या, आणि बायच्या घरात तांदूळ वाढले होते. म्हणजे दिरांनी खळ्यावरनंच सगळं उचललं. म्हणजे बायनं, जिनं जन्मात कुणापुढे हात पसरला नाही तिनं, धाकट्या बहिणीकडे पसरला होता, आणि तोही असा की निरोप नेणाऱ्यालाही पत्ता लागू नये. जगात एकाच माणसाला कळेल अशा शब्दात. त्या माणसाला कळलंही. श्यामरावांनी मान वळवून विचारलं, "होय ना?" आणि मालिनी म्हणाली, "होय. बरंच झालं." मग ती आत गेली आणि तिनं भाजी चिरायला घेतली.

दाराशी बसलेल्या मुलीनं पैसे घेतले. भांडारातून घरापर्यंत चढ होता. मालिनी पिशव्या बदलत चढत होती. माघातलं ऊन, रस्त्याकडेच्या कुंपणांतून आंब्याच्या मोहोराचा वास, आणि डोकं नुसतं बधिर. घरी जाऊन सांगून टाकावं, असं तिच्या मनात आलं. अहो, तुम्ही चुकीचं समजलात, आपण आज दुपारच्याच गाडीनं जाऊ. इतकं सोपं होतं. तीन महिने का बोलली नाहीस म्हणाले तर? म्हणू देत. ती फाटक ढकलून आत आली, तर ओटीच्या कडेला, पायरीवर, लुगड्याचा ओचा गुडघ्यांत दाबून बाय बसलेली होती.

"आलीस गो?" बाय म्हणाली. "बाबल्या बाजाराला येईत होता, त्याच्याबरोबर आले. म्हटलं, तुला बघून तरी जावं."

दुसरा शनिवार, श्यामराव घरीच होते. ते मोठ्या उत्साहानं बाहेर आले. "मी केव्हापासून सांगतोय, खुर्चीवर बसा, तर ऐकत नाहीत. पाणीसुद्धा नको म्हणाल्या, तू आल्याशिवाय." बाय वाळली होती. नुसती वाळली नव्हती, आतून कुणी खरवडून काढल्यासारखी झाली होती. कोपराचं हाड कातडीला ढकलून बाहेर बघत होतं. श्यामरावांना ते दिसत नव्हतं काय? त्यांच्या हिशेबी गावची माणसं अशीच काटक असायची. मालिनीनं पिशव्या आत नेल्या. सॉसची बाटली तिनं खालच्या कप्प्यात सारली, हात आपोआप गेला, आणि वळून पाहते तर बाय स्वयंपाकघराच्या दारात उभी. फडताळाचं दार उघडं होतं. बायनं त्या रांगेकडे पाहिलं. "किती गो सामान," ती कौतुकानं म्हणाली. "भरलेलं घर हाय. बरं वाटलं." आणि तिला खरंच बरं वाटलं होतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं, आणि मालिनीला तेच सोसवेना.

दोघांची पानं मांडली. मालिनी वाढत होती. डब्याच्या तळाशी होते तेवढे सगळे तांदूळ तिनं शिजवले होते. बाय खाली मान घालून जेवली. पहिला भात गेला, दुसरा गेला, तिसरा मागितला नाही पण मालिनीनं वाढला तो नको म्हणाली नाही. बोटं भराभर चालत होती. श्यामराव कौतुकानं बघत होते. "बघ मालिनी, भूक म्हणजे ही. आपण शहरात नुसतं चिवडतो." बायचा हात थांबला. तिनं घास तोंडाशी नेलेला होता तो हळूच घातला आणि पानावर आडवा हात धरला. "पुरे. आज चाललंय जास्ती." मग तोंडात घास असतानाच श्यामरावांना आपली खंत आठवली. "तुम्हाला इथं आणायचं हिच्या फार मनात आहे हो. मीच म्हटलं, भांडारात थोडं वाचू दे. पण वाचतच नाही, काय करणार. तरी तुमचं तिथं ठीक चाललंय म्हणून निश्चिंत आहे मी. बाबल्या सांगत होता मागे, तांदूळ चांगले वाढलेत म्हणे यंदा."

बायनं मान वर केली. तिनं श्यामरावांकडे पाहिलं, आणि मग, फार वेळ नाही, मालिनीकडे पाहिलं. मालिनीच्या हातात आमटीची वाटी होती. तिला वाटलं, आता बाय बोलेल, आणि आपण मोकळे होऊ. एकाच वेळी तिला तेच हवं होतं आणि त्याचीच भीती वाटत होती. बायच्या कपाळावर, गोंदणाच्या टिंबांपाशी, बारीक आठी आली आणि गेली.

"व्हय," बाय म्हणाली. "औंदा मायंदाळ झालं. कुठं ठेवू नि कुठं नको."

"वा!" श्यामराव म्हणाले. "पुढच्या खेपेला आम्हालाच आणा मग थोडे."

"आणीन की," बाय म्हणाली.

चारच्या संगमेश्वर गाडीला मालिनी तिला पोचवायला गेली. स्टँडवर गाडी लागलेली होती, बाबल्या आपली रिकामी पाटी टपावर चढवत होता. आता दोघीच होत्या. मालिनीच्या पर्समध्ये पैसे होते. निघताना तिनं पिशवीत डाळ, गूळ भरायला घेतला होता, पण श्यामराव तिथंच उभे, आणि बाय हसून म्हणाली होती, एवढं वाढलंय घरात, हे कुठं नेऊ? आता ती पैसे देऊ शकत होती. तिनं पर्स उघडली. बायनं तिचा हात धरला आणि पर्स मिटली. तिची बोटं उन्हातही गार होती.

"जने, खरं सांग," बाय हळू आवाजात म्हणाली. "माजा निरोप तुला समाजलावता?"

स्टँडवर माणसं होती, कंडक्टर घंटी वाजवत होता, कुणाची तरी कोंबडी पाटीखाली ओरडत होती. मालिनीनं बायच्या डोळ्यांत पाहिलं. तिथं राग नव्हता. तिथं विनवणी होती. बाय तिला हात जोडून मागत होती की नाही म्हण, एवढं तरी मला दे.

"नाही," मालिनी म्हणाली. "मलापण वाटलं, पिकलं म्हणून."

बायनं सुटल्यासारखा श्वास सोडला. तिचा चेहरा एकदम सैल पडला, आणि ती चक्क हसली. "तेच मी म्हणत होते. शहरात ऱ्हावून इसरलीस सगळं. तुजा काय दोष? मीच सरळ सांगायला होवं होतं." तिनं मालिनीच्या गालावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली आणि ती गाडीत चढली. खिडकीतून तिनं एकदाही मागे पाहिलं नाही, किंवा पाहिलं असेल, काचेवर ऊन होतं. गाडी गेल्यावर मालिनी बराच वेळ धुळीत उभी होती. खोटं तिनं बायसाठी सांगितलं असं म्हणता आलं असतं. तिनं तसं म्हणून पाहिलं. पण अंगात जे पसरत होतं ते निव्वळ हलकं वाटणं होतं, ताप उतरल्यावर वाटतं तसं, आणि त्याला दुसरं नाव देता येत नव्हतं. आपल्या आत आता काहीच उरलेलं नाही, हे तिला अगदी स्वच्छ कळलं. त्यानंही तिला फारसं काही झालं नाही.

घरी आली तेव्हा श्यामराव ओटीवर येरझारा घालत होते. ते तिची वाटच बघत होते. "मी काय म्हणतो," ते तिला चपलाही काढू न देता म्हणाले, "त्या गेल्यापासून माझ्या डोक्यात तेच चाललंय. कसल्या मायाळू आहेत. किती थकल्यात. ते वाचणंबिचणं राहू दे गं, त्या भांडाराचा हिशेब माझ्याच्यानं काही जुळायचा नाही. एका माणसानं काय होतं? उद्या रविवार आहे. सकाळच्या गाडीनं जाऊ आणि त्यांना कायमचं घेऊनच येऊ."

मालिनीनं चपला काढल्या, भिंतीशी नीट जोडून ठेवल्या.

"कशाला?" ती म्हणाली. "तिचं तिथं बरं चाललंय. तुमच्यासमोरच सांगितलंन ना तिनं."

श्यामरावांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. "हो, तेही खरंच," ते म्हणाले, आणि वर्तमानपत्र घेऊन खुर्चीत बसले.